जुनी वेब्ली स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

वाचकाचं पत्र (थोडं छाटून): मी तासगावकडचा द्राक्ष बागायतदार. हंगामात रात्री-अपरात्री माल भरायला, पेमेंट आणायला जावं लागतं. बरेच खेटे घालून शेवटी रिव्हॉल्व्हरचं लायसन्स मिळालंय, एनपीबी (नॉन प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी नसलेल्या मापाच्या नळीचं), महाराष्ट्रापुरतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवीन नकोय, जुनी इंग्लिश वेब्ली .३२ च घ्यायची असं डोक्यात आहे. बजेट दीड लाख, फार ताणलं तर पावणेदोन. तीन ठिकाणी बोलणं झालंय. एक, दुकानातली वेब्ली, काळीभोर, एकदम नव्यासारखी, तीन लाख म्हणतो. दोन, आमच्याच गावात एक रिटायर्ड सुभेदार वारले, त्यांच्या मिसेस साठ हजारात द्यायला तयार आहेत, दोन वर्षं कपाटात पडून आहे, सोबत काडतुसं पण आहेत. तीन, मित्राच्या ओळखीतून सीमेपलीकडून एक पीस येतोय, पंचेचाळीस हजार, तो म्हणतो अँटिक आहे, याला कागद लागत नाही. कुठला सौदा चांगला? आणि बघताना नेमकं काय बघायचं?

---

दादा, तिसऱ्यापासून सुरू करतो कारण त्याला दोन मिनिटं पण लागणार नाहीत. तो सौदा नाहीये, ती केस आहे. मित्राला आजच फोन करून नाही म्हणा आणि "नुसतं बघायला" पण जाऊ नका, कारण असल्या वस्तूसोबत पकडला गेलेला माणूस बघायला आला होता की घ्यायला हे ठाण्यात कोणी विचारत बसत नाही.

आता हे "अँटिकला कागद लागत नाही" प्रकरण एकदा नीट समजून घ्या कारण हे वाक्य फार फिरतं आणि अर्धवट खरं असल्यामुळेच चालतं. आपल्या शस्त्र कायद्यात, म्हणजे १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये, कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, जुन्या पद्धतीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, पण पुढची अट कोणी सांगत नाही, ते दुरुस्त करून किंवा न करता गोळी झाडायला वापरता येणारच नाही असं असलं पाहिजे. म्हणजे राजवाड्याच्या भिंतीवरची गंजून जाम झालेली तोड्याची बंदूक वेगळी आणि घोडा ओढला की टक करून सिलिंडर फिरतो ते रिव्हॉल्व्हर वेगळं. शंभर वर्षं जुनं असो, आजोबांच्या आजोबांचं असो, गोळी उडत असेल तर लायसन्सवर नंबर चढलाच पाहिजे. तुमच्या मित्राचा माणूस एकीकडे अँटिक म्हणतो आणि दुसरीकडे "चालू कंडिशन" म्हणत असणार, पैज लावतो. दोन्ही एकदम होत नाही.

त्यात अजून एक खड्डा आहे. सीमेपलीकडून, ओळखीतून, फेसबुकवरून जे "जुनं मिलिटरीचं इंग्लिश" म्हणून येतं ते खरं निघालंच तर बरेचदा .३८ असतं, कारण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेकडे वेब्ली मार्क ४ आणि एनफिल्ड नंबर २ ही दोन्ही .३८ मध्ये होती. दोन्ही मधून मोडणारी (म्हणजे नळी खाली झुकवून काडतुसं भरायची), दोन्हीचा साचा इतका सारखा की नवख्या माणसाला फरक कळत नाही. (वेब्ली कंपनीने यावरून ब्रिटिश सरकारकडे भरपाई मागितली होती, आमचं डिझाईन ढापलं म्हणून, आणि बरंच भांडून साडेबाराशे पौंड पदरात पडले.) पण मुद्दा हा की आपल्याकडे .३८, .४५५, ९ एमएम ही प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेली मापं, तुमचं लायसन्स नॉन प्रोहिबिटेडचं. म्हणजे लायसन्स खिशात असूनही तुम्ही बिनलायसन्सीच, उलट जास्त जड कलमात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रोहिबिटेड हत्यार विनापरवाना बाळगण्याची शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. खरं नाही निघालं तर तो देशी कट्टा असतो, वर इंग्लंडचे शिक्के ठोकलेला, आणि तो फुटतो तेव्हा पुढच्या बाजूला नाही, हातात फुटतो.

ऑनलाईन "घरपोच, लायसन्सची गरज नाही, निम्मं ॲडव्हान्स" वाल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये म्हणून फक्त एवढंच, ते ॲडव्हान्स घेऊन गायब होतात आणि ते झालं तर नशीब समजा, कारण माल खरंच आला तर प्रॉब्लेम मोठा.

बरं. आता दुकानातली काळीभोर.

आधी हे समजून घेऊ की साध्या .३२ रिव्हॉल्व्हरला तीन लाख लोक का मागतात. जगात .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काही फार भारी काडतूस नाही, इतर देशांत जुनी .३२ रिव्हॉल्व्हरं चिल्लर भावात पडून असतात. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य लायसन्सधारकाला बाहेरून हत्यार आणणं बंद झालं, त्यामुळे त्याआधी जेवढा परदेशी माल देशात आला तेवढाच आजही हातोहात फिरतोय, नवीन भर नाही, आणि वर .३८ बंद असल्यामुळे सगळ्यांची उडी .३२ वर. मागणी वाढती, माल तोच, भाव चढणारच. म्हणजे तुम्ही तीन लाखातले बरेचसे पैसे स्टीलचे देत नाही, बंद दरवाज्याचे देता. आणि गंमत सांगू का, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ हे मुळात वेब्ली मार्क ४ च्याच वळणावर बनलेलं, तसंच मधून मोडतं, तेच सहा राउंड, तेच काडतूस. नाक मुरडणारे लोक त्याचा चाप जड आहे म्हणतात, ते काही अंशी खरंय, जुन्या बर्मिंगहॅमच्या वेब्लीचा घोडा ओढताना जो लोण्यासारखा सरकतो ते कानपूरमध्ये नाही. पण त्या लोण्याला दीड लाख जास्त मोजायचे का हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर स्वरक्षणासाठी घेताय, संग्रहासाठी नाही, त्यामुळे नावाला पैसे देऊ नका, कंडिशनला द्या.

दुकानातल्या मालाबद्दल मला खटकलेली गोष्ट तुम्हीच लिहिलीय, "एकदम नव्यासारखी". साठ-सत्तर वर्षांची वस्तू नव्यासारखी नसते. होल्स्टरमधून आत-बाहेर झाल्यामुळे नळीच्या तोंडाजवळ आणि सिलिंडरच्या कडांना काळा रंग उडालेला असतो, खालचं पांढुरकं स्टील दिसतं, ते वय प्रामाणिक असतं. सगळीकडे एकसारखा काळा असेल तर बहुतेक नव्याने ब्लूइंग, म्हणजे स्टीलवरचा काळा मुलामा, केलंय. नवीन ब्लूइंग हा गुन्हा नाही पण त्याआधी पीस बफवर घासतात, त्यात गंजाचे खड्डे दडवले जातात आणि सोबत शिक्के पण बुजतात. मी बंदुकीच्या दुकानात काउंटरवर होतो तेव्हा गिऱ्हाईक लांबून चमक बघायचं आणि आम्ही मालक लोक अक्षरं बघायचो. पीस उजेडाला तिरका धरा आणि "वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम" ही अक्षरं वाचा. कडा टोकदार असल्या तर ठीक, गुळगुळीत, पसरट, मधेच पुसट झाल्या असल्या तर घासलाय. तसंच बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे हत्यारांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, मुकुटाचे छोटे शिक्के, मुकुटाखाली एनपी, बीव्ही, बीपी असं काहीतरी, १९५४ नंतरचं असेल तर मुकुटाखाली बीएनपी, हे नळीवर आणि सिलिंडरवर दिसले पाहिजेत. भिंगाने बघा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे, तीन लाख मागतोय तो. शिक्का अंडाकृती आणि आत ईएलजी असेल तर तो बेल्जियमचा, लिएजचा माल, वर कोणी काहीही सांगो ती वेब्ली नाही. जुन्या काळी तिकडून बुलडॉग टाईपची छोटी रिव्हॉल्व्हरं ढिगाने आली, त्यातली बरीच काळ्या दारूच्या जमान्यातली, त्यात आजचं काडतूस घालायचा विचारसुद्धा नको.

अजून एक, "वेब्ली" लिहिलंय म्हणजे जुनं इंग्लिश असं आता राहिलं नाही. गेल्या काही वर्षांत उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडील्याला वेब्ली अँड स्कॉट नावाने .३२ रिव्हॉल्व्हर इथेच बनायला लागलंय. वाईट आहे असं म्हणत नाही, पण ते नवीन भारतीय रिव्हॉल्व्हर आहे आणि त्याला विंटेजचा भाव द्यायचा नाही. बर्मिंगहॅम आणि संडीला यात गल्लत करून विकणारा कोणीतरी भेटणारच.

आता हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो आणि हे दुकानात बघा किंवा सुभेदारांच्या पीसवर, प्रोसेस तीच. पहिलं म्हणजे रिकामं आहे का, स्वतः उघडून, दुसऱ्याच्या शब्दावर नाही. वरचा खटका अंगठ्याने दाबून मोडा, सहाही घरं बोटाने चाचपा, काडतूस नाही ना. आणि काहीही झालं तरी तोंड कोणाकडे नाही. परवानगी घेऊन मग पुढचं.

बंद करून एका हाताने मूठ घट्ट धरा, दुसऱ्या हाताने नळी डावी-उजवी, वर-खाली हलवा. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा जीव त्या बिजागरीत आणि वरच्या खटक्यात असतो. खडखड आली, नळी मुठीपासून हलतेय असं वाटलं तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असो, कारण ते सांधणारा कारागीर आता सहज मिळत नाही आणि सुटे भाग तर त्याहून नाही. बारीकसं, केसाएवढं चालतं.

मग घोडा अंगठ्याने एकदम हळू मागे ओढा, घाई नको. कान द्या. सिलिंडर फिरून जागेवर लॉक झाल्याचा टक आवाज घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी किंवा त्याच क्षणी यायला हवा. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून अर्धवटच आहे, बोटाने ढकलल्यावर मग टक करतो, तर टायमिंग गेलंय, अशा पिसात गोळी नळीच्या काठाला घासून बाहेर पडते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारी उभ्या माणसाच्या तोंडावर. हे सहाही घरांना करून बघायचं, एकाला नाही, बरेचदा पाच ठीक असतात आणि सहावं दगा देतं, विकणारा बरोबर चांगल्या घरावर दाखवतो. घोडा मागे असताना त्याला अंगठ्याने मागून पुढे हलकंच ढकला, चाप न दाबता तो पडला तर ते रिव्हॉल्व्हर खिशात ठेवायच्या लायकीचं नाही, विषय संपला. नंतर चाप दाबून घोडा अंगठ्याने धरून अलगद खाली आणा, चाप दाबलेलाच ठेवा आणि सिलिंडर बोटांनी फिरवायचा प्रयत्न करा, मग पुढे-मागे हलवा. फिरण्यात थोडी ढील असतेच जुन्यात, पण पुढे-मागे ठकठक वाजत असेल तर किंमत पाडायला तुमच्याकडे मुद्दा आला. रिकाम्या घरावर टकाटक चाप ओढत बसू नका हं, लोकांना फार हौस असते दुकानात, जुनी टोचणी तुटली तर बिल तुमच्या नावावर.

नळी. मोडून, मागच्या बाजूला पांढरा कागद किंवा मोबाईलचा टॉर्च धरून तोंडाकडून बघा. आटे स्पष्ट, वळणदार, कडा धारदार दिसल्या पाहिजेत. थोडा काळपटपणा साफ होतो, खड्डे होत नाहीत. मुख्य म्हणजे एखादी गडद गोल कडी दिसते का बघा, बांगडीसारखी, तशी दिसली तर त्याच जागी बाहेरून बोट फिरवा, किंचित फुगवटा लागेल. त्याचा अर्थ कधीतरी एक गोळी आत अडकली आणि त्यावर कोणीतरी दुसरी झाडली. असला पीस फुकट दिला तरी नको. आणि मोडल्यावर टोपणं बाहेर काढणारा मधला तारा नीट वर उचलला जातो का, पूर्ण उघडल्यावर आपोआप परत आत बसतो का, हे पण बघा, वाकडा असेल तर रिकामी टोपणं अडकतात.

नंबर. बॉडीवरचा नंबर, नळीवरचा, सिलिंडरवरचा, जिथे जिथे ठोकलाय तिथे तोच पाहिजे. वेगळे नंबर म्हणजे दोन-तीन मेलेल्यांचा एक जिवंत केलाय. आणि हाच नंबर विकणाऱ्याच्या लायसन्सवर, आकडा न् आकडा, अक्षर न् अक्षर. मी असे व्यवहार बघितलेत जिथे लायसन्सवर बोअरच चुकीचा लिहिलेला, किंवा जुन्या हस्ताक्षरातला ७ पुढे कोणीतरी १ असा उतरवून घेतलेला आणि मग बिचारा नवीन मालक कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत चपला झिजवतोय. नंबर जुळत नसेल तर आधी विकणाऱ्याने दुरुस्त करून आणायचं, मग पैसे. "नंतर करून देतो" ला होय म्हणायचं नाही.

आता सुभेदारांच्या घरचं. तुमच्या तिन्हीत मला हेच सगळ्यात बरं वाटतंय, पण तुम्ही म्हणताय तसं नाही.

पहिली गोष्ट, काकूंना कोणीतरी सांगायला पाहिजे होतं आणि सांगितलं नाही असं दिसतंय, की लायसन्सधारक वारला की ते हत्यार घरात ठेवायचा कुटुंबाला हक्क राहत नाही. कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता ते पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारी दुकानदाराकडे जमा करायचं असतं. दोन वर्षं कपाटात म्हणजे आज त्या स्वतः अडचणीत आहेत, त्यांना माहीत पण नसेल. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन साठ हजार टेबलावर ठेवून पिशवीत घालून आणलंत तर दोघंही अडकाल. तर आधी हे करा, काकूंना आणि घरात जो कोणी कर्ता असेल त्याला एका वकिलाला भेटायला सांगा, मृत्यूचा दाखला, ओरिजिनल लायसन्स, हत्यार, काडतुसं सगळं एका अर्जासोबत जमा करायचं, उशीर का झाला ते खरं लिहायचं. जमा केल्याची पावती घ्यायची. स्वतःहून जमा करणारा आणि झडतीत सापडलेला यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुम्ही हत्यार हातात घेऊन त्यांना ठाण्यात सोडायला जायचा शहाणपणा करू नका, ते तुमच्या लायसन्सवर नाहीये.

जमा झाल्यावर घाई पण करायची, कारण ठरलेल्या मुदतीत वारसाच्या नावावर झालं नाही किंवा विकलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. विकताना दोन रस्ते. खाजगी माणसाने खाजगी माणसाला विकायचं तर कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, कोणाला विकतोय त्याचं नाव-पत्ता देऊन, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. लोक हे ४५ दिवस गिळून टाकतात आणि मागची तारीख घालतात, तुम्ही तसं करू नका. दुसरा रस्ता दुकानदारामार्फत, त्याच्याकडे जमा, त्याच्या रजिस्टरला नोंद, मग त्याच्या बिलावर तुम्हाला. त्यात त्याचं कमिशन जाईल पण माझं मत तुमच्यासारख्या पहिल्यांदा घेणाऱ्याने हाच रस्ता धरावा, कागद एका हातातून दुसऱ्या हातात स्वच्छ जातो आणि शिवाय त्याच्याकडचा कारागीर पीस उघडून बघू शकतो.

आता भाव. साठ हजार. दादा, इथे थोडं कडू बोलतो. काकूंना बाजारभाव माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे. पीस खरंच .३२ वेब्ली असेल, नंबर जुळत असतील, लॉक घट्ट असेल तर कुठलाही दुकानदार त्यांना साठच्या कितीतरी वर देईल आणि पुढे दुपटीने विकेल. तुमचं बजेट दीड लाख आहे. सव्वा लाखाच्या आसपास त्यांना द्या, वकिलाचा आणि कमिशनचा खर्च तुम्ही उचला, तरी दुकानातल्यापेक्षा निम्म्यात पडतंय आणि उद्या गावात कोणी म्हणणार नाही की विधवा बाईला फसवलं. चांगला सौदा याच्याहून वेगळा काय असतो मला माहीत नाही. पैसे बँकेतून, कागदावर पूर्ण रक्कम. निम्मे रोख निम्मे चेक करायला कोणी सांगेल, नको. (दुकानातलं घेतलंत तर तसंही दोन लाख आणि त्यावर रोख घेणं आयकराच्या नियमात बसत नाही.)

पण थांबा, अजून एक शंका आहे म्हणून वर एवढं बोअर-बोअर केलं. सुभेदार फौजेतले होते. फौजी माणसाचं जुनं हत्यार म्हटल्यावर ते .३८ नाही ना हे सगळ्यात आधी बघायला हवं. तेही हत्यार न हाताळता कळेल, काकूंना फक्त लायसन्सचं पान दाखवायला सांगा. तिथे ".३२" किंवा "७.६५" असं काही असेल तर पुढे जाऊ. .३८ असेल तर तुमच्या लायसन्सवर येऊच शकत नाही, तरी त्यांना जमा करायला सांगायचं ते सांगाच.

तिथे "पिस्तूल" लिहिलेलं असेल तर अजून वेगळं. .३२ पिस्तुलाचं काडतूस वेगळं, फॅक्टरीच्या डब्यावर ७.६५ बाय १७ असतं, रिव्हॉल्व्हरचं ७.६५ बाय २३, लांब आणि बुडाला स्पष्ट कडा असलेलं. पिस्तुलाचं काडतूस जुन्या .३२ रिव्हॉल्व्हरच्या घरात बसल्यासारखं बसतं आणि कोणीतरी हुशार तुम्हाला सांगेलच की चालतं. चालवू नका, त्याचा जोर जास्त असतो आणि जुन्या वेब्लीचं स्टील तुमच्या आजोबांच्या वयाचं आहे.

कपाटातल्या काडतुसांना पण हात लावू नका. ती काकूंच्या जमा पावतीत आकड्यासकट लिहून द्यायची. तुमची काडतुसं तुमच्या लायसन्सवरच्या कोट्यात, दुकानातून, नवीन.

तुमच्या स्वतःच्या लायसन्सवर दोन गोष्टी आजच वाचा. खरेदीची मुदत कधी संपतेय, कारण ४५ दिवस आणि वकिलाचा वेळ धरून ती हातातून निसटू शकते, निसटणार असेल तर संपायच्या आधी मुदतवाढीचा अर्ज टाका. आणि यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा ओळख नंबर, पडलाय का, नसेल तर शस्त्र शाखेत जाऊन विचारा, नॅशनल डेटाबेसमध्ये नोंद नसलेलं लायसन्स घेऊन दुकानदार बिल करणार नाही. घेतल्यावर हत्यार कचेरीत दाखवून नंबर लायसन्सवर चढवून घ्यायचा, मगच घरी निवांत. महाराष्ट्रापुरतं लायसन्स आहे म्हणजे बेळगावच्या पाव्हण्याच्या लग्नाला कमरेला लावून जाता येणार नाही. आणि इकडच्या लग्नात पण वर तोंड करून उडवायचं नाही, हौसेच्या गोळीबाराला २०१९ पासून स्वतंत्र कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इलेक्शन आलं की जमा करायची नोटीस पण येऊ शकते, तेव्हा वैतागायचं नाही.

आणि सुभेदारांचा पीस बघून बिजागरी ढिली निघाली, टायमिंग गेलेलं निघालं, तर वाईट वाटून न घेता कानपूरला जा. त्यांचंच निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होतं आणि वजनाला पाचशे ग्रॅम, साधं .३२ त्याहून स्वस्तात होतं. आता भाव वाढलेत आणि टॅक्स पण आहे, तरी कोटेशन मागवा, जुन्या वेब्लीच्या खाली राहील असं वाटतं. नवीन, गॅरंटीचं, सुटे भाग मिळणारं. रात्री दीड वाजता टेम्पोच्या मागे मोटरसायकल लागली तर तुमचं रिव्हॉल्व्हर कोणाच्या शिक्क्याचं आहे हे त्यावरचा माणूस विचारणार नाही.

ता.क. काकूंना भाव सांगायच्या आधी त्यांच्या मुलाला एकदा विचारा, त्याला स्वतःला वडिलांचं म्हणून ठेवायचं नाहीये ना. वारस म्हणून लायसन्स मागायचा पहिला मान त्याचा आहे, आणि मधेच तो जागा झाला तर तुमचे दोन महिने आणि वकिलाची फी दोन्ही गेलं.